मागच्या चाकांमधला दांडा

आईची डावी बाजू गेली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि गारखेड्यात एकटी राहत होते. आई लासूर स्टेशनला. वडील गेल्यावरही ती तिथून हलली नव्हती. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मी म्हटलं, "आता माझ्याकडंच राहायचं." बोलणं शाबूत होतं तिचं, फक्त सावकाश झालं होतं. म्हणाली, "तुझ्या घराला बावीस पायऱ्या हायेत. मी मोजल्यात."

मग असं ठरलं की शेजारच्या काकू तिचं रोजचं बघतील आणि आठवड्यातून दोनदा मी तिला फिजिओथेरपीसाठी शहरात आणीन. गाडी होती ती वडिलांची, त्यांनीही कुणाकडून तरी जुनी घेतलेली. जड, गोलसर, मागं ट्रकसारख्या कमानपाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेली. सरळ रस्त्यावर पलंगासारखी मऊ चालायची. वळणावर मात्र अख्खी कलंडायची आणि वळण संपल्यावरही दोन-तीनदा डुलत राहायची. वडील असताना आम्ही तिला हसायचो.

आता हसण्यासारखं काही राहिलं नाही. पुढच्या सीटवर आईचा पाय दुमडत नव्हता, म्हणून ती मागं बसायची, माझ्या बरोबर पाठीमागं, उजव्या हातानं दारावरची मूठ धरून. डावं वळण आलं की ती दारावर रेलायची, ते ठीक होतं. उजवं वळण आलं की गाडी डावीकडं झुकायची आणि आई रिकाम्या बाजूला कोसळायची. डाव्या हातात टेकू द्यायचा जीवच नव्हता. मी गाडी थांबवायची, मागं जायची, तिला उचलून सरळ बसवायची. लासूरपासून शहरापर्यंत असं चार-पाचदा व्हायचं. उशा लावून पाहिल्या, गादीची वळकटी लावून पाहिली. काकूंना शेजारी बसवलं तर आईनं दुसऱ्याच दिवशी नको म्हणून सांगितलं. "गाठोड्यावानी धरून बसत्यात मला. त्यापरीस पडलेली बरी."

ही बाई तीस वर्षं गावातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. वर्गात कुणी भिंतीला टेकून बसलेलं तिला चालत नसे. एकदा माळीवाड्याजवळ ती अशी पडली की तोंड सीटमध्ये गेलं आणि तिला मानही वळवता येईना. मी उचललं तेव्हा तिचा चष्मा गालावर आला होता. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल."

त्या संध्याकाळी मी तिला घरी सोडून परत येताना पडेगावला थांबले. तिथं रस्त्याच्या कडेला ट्रकच्या कमानी नीट करणारं एक दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, एक लांबोडकी भट्टी, गाडी उभी करायला खड्डा. चालवणारे सत्तरीला आलेले चाचा एकटेच काम करायचे. मी म्हटलं, "चाचा, माझ्या गाडीच्या कमानी कडक करून द्या. वळणावर फार झुकते."

त्यांनी गाडीच्या टपाला दोन्ही हात लावून एकदा जोरात ढकललं आणि सोडलं. गाडी डुलली. ते मोजल्यासारखे बघत राहिले. मग विचारलं, "मागं कोण बसतं?"

मी सांगितलं.

"मग कमान कडक नाय करायची," ते म्हणाले. "कमान कडक केली तर हर एक खड्डा अम्माच्या कमरंत जाईल. झुकणं कमी होईल, पर हड्डी हलंल." मग मागच्या सीटकडं बघत म्हणाले, "बाई, तुम्ही कधी मागं बसलात का? त्यांच्या जागेवर?"

नव्हते बसले. गाडी चालवणारी मीच होते ना.

"बसा. किल्ली द्या."

दुकानामागं मोकळं मैदान होतं. चाचा पुढं बसले. "डावा हात मांडीवर ठेवा. समजा, तो नाहीच. पायाला जोर देऊ नका. आन डोळे मिटा." गाडी संथच होती, सायकलवाल्यानंही मागं टाकली असती. त्यांनी उजवीकडं वळवली. आधी सीट माझ्याखालून हळूच कलली, मग बाहेर फेकणारा झोका आला आणि मी मुठीला लटकले. मूठ सुटली तशी आडवी झाले. तेवढ्यात गाडी उलटी डुलली आणि डोकं सीटवरून घरंगळलं. एवढ्या वेळात मला एकच गोष्ट कळत होती, की आपल्याखालची जमीन आपली नाही. डोळे उघडले तेव्हा चाचा आरशातून माझ्याकडं बघत होते. पाच महिने मी आईला अशी आणत होते.

"बॅलन्स रॉड घालावा लागंल," ते म्हणाले. "मागं. दोन चाकांच्या मधी दांडा, तो गाडी झुकू देत नाय. ह्या गाडीला कंपनीनं दिलेला नाय. मी बनवून देतो. जुम्मा सोडून कधी पण या."

रविवारी सकाळी गेले तेव्हा त्यांनी भंगारातल्या दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या गाडीचा दांडा आणून ठेवला होता. बोटाएवढ्या जाडीचा, दोन्ही टोकांना वाकवलेला, जणू कडेनं बघितलेली उथळ परात. त्याहून जाड एक भिंतीला टेकवलेला होता. मी विचारलं, "जाड जास्त चांगला नाही का?" चाचांनी मान हलवली. "जाड घातला तर वळणावर आतलं मागचं चाक उचलतं. गाडी ढुंगण फेकते. पावसात तर बिलकूल ऐकत नाय. अम्मासाठी हा पतला बस झाला."

दांड्याचे वाकवलेले हात आमच्या गाडीला थोडे लांब पडत होते. ते नव्यानं वाकवायचे होते. भट्टीचा पंखा लावला, कोळसे पांढरे पडले. दांडा तापून लाल झाल्यावर त्यांनी एक टोक शिकंज्यात धरलं आणि मला जाड हातमोजे देऊन दुसरं टोक सांडशीनं धरायला लावलं. "ओढू नका. फक्त सांभाळा." त्यांनी लोखंडी नळी घालून दांडा वाकवला. कुठं माप नाही, गुण्या नाही. जमिनीवर खडूनं काढलेल्या एका रेघेकडं बघत वाकवत गेले आणि थांबले. मग दांडा पुन्हा पुरता तापवून तेलाच्या लांब डब्यात बुडवला. धुराचा लोट उठला, मी मागं सरले.

"आता हा काचेवानी झाला," ते म्हणाले. "पडला तर तुटंल. आता त्याला शांत करायचं."

विटेच्या तुकड्यानं त्यांनी दांड्याची एक बाजू घासून चकचकीत केली आणि दांडा भट्टीच्या कडेला, विस्तवापासून थोडा लांब, सावकाश फिरवत ठेवला. त्या घासलेल्या पट्ट्यावर रंग यायला लागले. आधी फिका पिवळा, मग गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा. रंग दांड्यावरून असे सरकत होते की जणू आत कुणीतरी चालतंय. मला त्याचं कारण माहीत होतं. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा जाड होत जातो आणि प्रकाशाचे रंग बदलतात, हे मी दर वर्षी शिकवते. माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. चाचा वाकून, डोळे बारीक करून बघत होते. जांभळ्यातून निळा उमटला त्या क्षणी त्यांनी दांडा उचलला. "बस."

"अजून एक मिनिट ठेवला असता तर?"

"तर नरम झाला असता. वाकला असता आन वाकलेलाच राहिला असता." ते हसले. "पिळला पाहिजे, पर परत आला पाहिजे."

दुपारी दांडा बसवला. मधला भाग मागच्या आक्सलला दोन बुशांत, म्हणजे रबरी कड्यांत, अडकवला आणि दोन्ही टोकं छोट्या दुव्यांनी गाडीच्या अंगाला जोडली. मैदानात फेरी मारली तर खालून खडखड आवाज. एका हाताचं टोक सायलेन्सरच्या नळीला लागत होतं. मला वाटलं आता भागवतील काहीतरी, नळी ठोकून आत घेतील. चाचांनी पूर्ण दांडा काढला, पुन्हा तापवला, बोटाच्या पेराएवढं वळण बदललं, पुन्हा तेल, पुन्हा ते सगळे रंग. मला म्हणाले, "बाई, जेवून या." मी गेले नाही. त्यांच्या बायकोनं घरातून भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली, ती दोघांनी तिथंच बसून खाल्ली.

दुसऱ्यांदा बसवल्यावर मी सहज बोलून गेले की पिळणाऱ्या तारेचा प्रयोग मी मुलांकडून वीस वर्षं करून घेतेय. चाचांनी विचारलं, "मग रॉड पिळतो कसा, ते डोळ्यानं बघितलं का?"

"तार बघितलीय. असा नाही बघितला."

ते खड्ड्यात उतरले आणि दांड्याच्या मधल्या लांबीवर, या बुशापासून त्या बुशापर्यंत, खडूनं एक सरळ रेघ ओढली. मला खाली बोलावलं. स्वतः वर जाऊन त्यांनी गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच वेळी लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर चढवली. माझ्या डोक्यावर अख्खा दांडा थोडा फिरला. रेघ सरळच राहिली.

"हे खड्डा, हे गतिरोधक," वरून आवाज आला. "दोन्ही चाकं संग उचलली. रॉडला काय घेणं नाय. अम्माची कंबर जशी होती तशी. आता बघा."

गाडी उतरवून त्यांनी एकच चाक ठोकळ्यावर चढवलं. आणि ती रेघ वळली. पोलादावरची पांढरी रेघ, एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला बाजूला, मधून अलगद पीळ खाल्लेली. कुठंही तुटली नव्हती. बोटाएवढं जाड पोलाद माझ्या डोळ्यांदेखत एखाद्या ओल्या धोतरासारखं पिळलं होतं, आणि त्या पिळातून ते गाडीची वर जाणारी बाजू खाली ओढत होतं, खाली जाणारी वर उचलत होतं. चाक ठोकळ्यावरून उतरलं. रेघ सरळ झाली, इतकी सरळ की मला वाटलं मघाशी दिसला तो भास.

"परत एकदा, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी परत केलं. मग तिसऱ्यांदा. खड्ड्यात तेलाचा वास होता आणि मानेवरून घाम ओघळत होता, पण मला वर यावंसं वाटेना. फळ्यावर कोनांची आणि बळाची चिन्हं मी किती वर्षं लिहीत आले होते. ते सगळं इथं होतं, डोक्यावर हातभर अंतरावर, भंगारातून आलेलं.

शेवटी त्यांनी मला पुन्हा मागं बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. तेच मैदान, तोच वेग. झोका आला. तो येणारच होता, दांड्यानं वळणाचा झोका थोडाच संपतो. पण सीट खालून सरकली नाही, आणि गाडी उलटी डुललीच नाही. एका हातानं मी तोल धरला आणि बसून राहिले.

मंगळवारी आईला आणायला गेले. मी तिला काही सांगितलं नाही. उशा मात्र लावल्या, माझाच विश्वास बसत नव्हता. माळीवाड्याच्या अलीकडं ते लांब उजवं वळण आलं तसा मी वेग कमी केला आणि आरशात बघितलं. आईनं मूठ घट्ट धरली, डोळे मिटून घेतले. खांदा थोडा डावीकडं गेला, थांबला, आणि तिनं तो स्वतः परत ओढून घेतला. वळण संपलं. तिनं डोळे उघडले.

"रस्ता नवा केला काय गं?"

"नाही. गाडी केली."

"काय केलं?"

सांगायला लागले तर तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला दाखव."

पडेगावला थांबलो. चाचा हात पुसत बाहेर आले, खिडकीशी वाकले. आई निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलता बोलता तिनं एकदम वाट बदलली. "मियाँ, क्या लगाए जी तुमने? मेरे कू दिखाओ."

"नीचे है, अम्मा. आप कैसा देखेंगे?"

"वो तुम सोचो," आई म्हणाली.

चाचा दुकानात गेले आणि भिंतीवरचा दाढीचा आरसा घेऊन आले. दार उघडलं. आईला मी सीटवरच दाराकडं तोंड करून बसवलं, पाय बाहेर. चाचांनी गाडीखाली बॅटरी सरकवली आणि मातीत गुडघे टेकून आरसा धरला, हळूहळू कलता करत. "दिखा? वो काला पाइप छोडो. उसके पीछे."

आई बराच वेळ आरशात बघत होती. मग तिनं उजवा हात लांब करून, चाचांच्या हातातल्या आरशावर, दांडा दिसत होता तिथं बोट ठेवलं.

"इत्ता-साच?"

"इत्ताच, अम्मा."

"आन हे मला धरतंय?" हे ती मला विचारत होती, मराठीत. मी हो म्हटलं. ती पुन्हा बघायला लागली. रस्त्यावरून ट्रक जात होते, धूळ उडत होती, चाचांचे गुडघे दुखत असणार. त्यांनी आरसा हलू दिला नाही.

पुढं दीड वर्ष आम्ही तसं येत-जात राहिलो. हात काही परत आला नाही. पाय आला, काठी घेऊन अंगणापर्यंत. आरशात दांडा बघितला त्या दिवशी मात्र दवाखान्यात पोचायला आम्हाला उशीर झाला. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं तेव्हा आई माझ्या आधी बोलली. "मी गाडी खालून बघत होते," ती म्हणाली, आणि त्यांना दांड्याची जाडी बोट वर करून दाखवली.