कुलूपबाई

माझ्या आत्याने चाळीस वर्षांच्या नोकरीत अकरा दुकानं उघडली आणि चौदा बंद केली. त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं. सगळ्या एकाच बुटांच्या कंपनीच्या शाखा. ती तिथे नोकरीला चिकटली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि कंपनीची दुकानं होती सहा.

मुलाखतीला मालक स्वतः बसले होते. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांनी शिक्षण-बिक्षण काही विचारलं नाही. बूट काढला, मोज्यातला पाय पुढे केला आणि लाकडी माप तिच्या हातात देऊन म्हणाले, "घे माप."

आत्याने माप घेतलं. मग बाजूला ठेवलेला त्यांचा बूट उलटा करून तळाचा नंबर बघितला.

"साहेब, तुम्ही एक नंबर लहान बूट घालता."

"तीस वर्षं हाच घालतोय."

"मग तीस वर्षं करंगळी दुखत असेल."

मोठ्या साहेबांनी मोजा काढला, आपली करंगळी नीट न्याहाळली आणि म्हणाले, "सोमवारपासून ये."

दुकानात तिला फूटपट्टी असं नाव पडलं. माप घेतल्याशिवाय ती कुणाला बूट दाखवायची नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिचा सरळपणा. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांशी वाकणारी ही बाई बाकी कुणापुढे वाकत नसे.

पुढच्या वर्षांत कंपनीने चांगलंच बाळसं धरलं. बघता बघता सहाची तेवीस दुकानं झाली. आत्या कामात मुरल्यावर, नवी शाखा निघायची असली की तिला तीन आठवडे आधी तिथे पाठवत. भिंतींचा रंग ओला असायचा, फरशीवर भुसा पडलेला असायचा, आणि ती शिडीवर चढून खोकी लावत असायची. जास्त खपणारे नंबर हाताच्या उंचीवर, अगदी लहान आणि अगदी मोठे वरच्या फळ्यांवर. मग नव्या विक्रेत्यांना समोर बसवून ती शिकवायची.

"गिऱ्हाईक बसलेलं असताना माप घ्यायचं नाही. उभं करा. अंगाचा भार पडला की पाय खरं बोलतो. आणि दोन्ही पाय मोजा. सख्खे भाऊ असले तरी सारखे नसतात."

आम्हा भावंडांचे शाळेचे बूट तीच आणायची. पायात घातले की टोकावर अंगठा दाबून दरडावायची, "हलव बोटं. हलतायत का? खोटं सांगू नकोस, मला कळतं."

मग दिवस पालटले. आधी गावाबाहेर काचेची भलीमोठी दुकान-संकुलं आली, त्यानंतर लोक फोनवरच बूट मागवायला लागले. माणसं दुकानात यायची, पाच जोड घालून बघायची, नंबर टिपून घ्यायची आणि निघून जायची. एकदा एका मुलीने तर सगळ्यांदेखत खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढला. विक्रेता भडकला. आत्या तिला शांतपणे म्हणाली, "फोनवाल्यांकडे हा जोड जरा आखूड येतो. एक नंबर वाढवून मागव."

मुलगी गेल्यावर विक्रेत्याने विचारलं, "ताई, हे काय? आपणच त्यांचं दुकान चालवायचं?"

"भांडण आपलं आहे. पाय तिचा आहे. तो कशाला दुखवायचा?"

तोवर मोठे साहेब वारले होते आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, धाकट्या साहेबांकडे आला होता. न चालणाऱ्या शाखा बंद करायच्या असं ठरलं. ज्या बाईला दुकान उभं करायला येतं तिला ते आवरायलाही येईल, या हिशेबाने काम आत्याच्या गळ्यात पडलं. वरून सक्त ताकीद होती की नोकरांना शेवटच्या दिवशीच सांगायचं. आधी कळलं तर ते माल पळवतील, नाहीतर स्वतः पळतील.

पहिल्या शाखेत आत्या सकाळी पोचली. सातही माणसांना तिने गोदामात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"दुकान सहा आठवड्यांनी बंद होतंय. मला सांगायची बंदी आहे, म्हणून सांगतेय. आजपासून नोकरी शोधायला लागा. मीही शोधते."

दुसऱ्या दिवशी धाकट्या साहेबांचा फोन आला.

"तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मग?"

"सहा आठवडे खोटं तोंड घेऊन मला त्यांच्या पंगतीला बसून जेवता येणार नाही. गुपितच ठेवायचं असेल तर तुम्ही इथे येऊन बसा, मी घरी जाते."

"एक जोड जरी कमी भरला तर जबाबदारी तुमची," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आत्या रोज दुपारी, गर्दी नसायची त्या वेळी, अख्खा बाजार पालथा घालायची. चष्म्याच्या दुकानात दोघींना लावलं, औषधाच्या दुकानात दोघांना, आणखी दोघांना माल पोचवणाऱ्या पेढीवर. उरले ते गोदामवाले काका. सत्तावन्न वर्षांचे, एका कानाने बहिरे. त्यांना कोण घेणार? आत्या त्यांना घेऊन इस्पितळाच्या औषधभांडारात गेली. तिथले अधिकारी म्हणाले, "वय झालंय हो यांचं."

"तुमच्या फळ्या त्यांना एकदा बघू द्या. आणि उद्या कुठलंही औषध मागा."

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी वीस औषधं मागितली. काकांनी वीसही खोकी न शोधता काढून दिली. नंतरची आठ वर्षं ते तिथेच होते.

दुकान ठरल्या दिवशी बंद झालं. सातही माणसं शेवटच्या संध्याकाळपर्यंत हजर होती आणि एकही जोड कमी भरला नाही. धाकट्या साहेबांनी शाबासकी दिली नाही, पण पुढच्या शाखांना नोटीस आपोआप सहा आठवडे आधी जायला लागली.

या कामाने तिचं नाव मात्र बदललं. लोक तिला कुलूपबाई म्हणायला लागले. ती आत आली की विक्रेत्यांचे चेहरे उतरत. एकदा ती एका शाखेत नुसत्या स्वतःसाठी चपला घ्यायला गेली, तर गल्ल्यावरची मुलगी रडायलाच लागली. आत्याने तिला पाणी दिलं, समजूत घातली आणि चपला न घेताच घरी आली.

"मी म्हणजे साथीचा रोग झालेय," ती आतोबांना म्हणाली. आतोबा बस चालवत, बोलायचे कमी.

"रोग कसली? रोग्याच्या उशाशी शेवटपर्यंत कोणी बसत नाही, तू बसतेस," ते म्हणाले, आणि तिच्या सुजलेल्या पायांखाली उशी सरकवली.

तिने स्वतः उघडलेलं पहिलं दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा तिने कुणाला मदतीला घेतलं नाही. रिकाम्या फळ्या एकटीने पुसल्या. कशाला पुसल्या, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "उद्या तिथे दुसरं कोणीतरी दुकान थाटेल. त्याला काय आमची धूळ द्यायची?"

शेवटी उरलेली नऊ दुकानं दुसऱ्या कंपनीला विकली गेली आणि एकोणसाठाव्या वर्षी आत्या घरी बसली. दोन वर्षं तिने घरातल्यांना सळो की पळो करून सोडलं.

मग एका सकाळी एक तरुण बाई घरी आली. फोनवरून बूट विकणाऱ्या मोठ्या कंपनीत अधिकारी होती. आत्याचा पत्ता तिला एका जुन्या विक्रेत्याने दिला होता.

"म्हणजे आमची दुकानं बंद पाडली ती तुम्हीच," आत्या म्हणाली.

"हो," ती बाई म्हणाली. आत्याला ते आवडलं असावं.

"मग आता माझ्याकडे काय काम?"

"आम्ही दुकानं काढतोय. बूट परत येतात हो ताई. दहातले चार. पायात बसत नाहीत. आणि आमच्याकडे माप घेता येणारं कोणीच नाही."

आत्या इतकी हसली, इतकी हसली, की काय झालं म्हणून आतोबा स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन बाहेर आले.

तिने चार दिवस विचार केला. राग नव्हता असं नाही. पण पाचव्या दिवशी तिने होकार कळवला. आठवड्यातून तीन दिवस, नव्या मुलामुलींना शिकवायचं आणि प्रत्येक नवं दुकान मांडून द्यायचं. विक्रेत्यांना बसायला खुर्च्या हव्यात, एवढी एकच गोष्ट तिने आधी लिहून घेतली.

गेल्या महिन्यात त्यांचं चौथं दुकान उघडलं. मी बघायला गेले. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्या गुडघ्यावर बसली होती, समोर एक आजोबा ताठ उभे होते आणि त्यांच्या पायांवर सहा तरुण डोकी वाकली होती. मला बघून ती उठली नाही.

"आलीस? बरं झालं. घरी जाशील तर आतोबांना सांग, जेवून घ्या म्हणावं. मला इथे वेळ लागेल," ती म्हणाली आणि आजोबांकडे वळली. "हां, आता दुसरा पाय."