डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच

गेल्या वर्षी कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, मुरबाडला जयरामनानांच्या गॅरेजात तेरा हजार आठशे रुपये ठरले. हजर तिघे होतो: नाना, माझा धाकटा भाऊ वसंत आणि मी. काम असं होतं की वसंताच्या पिकअपचं साधं स्टिअरिंग काढून त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलचं, बटणांचं स्टिअरिंग बसवायचं, त्यामागची वायरिंग करायची आणि फोन जोडता येईल अशी म्युझिक सिस्टिम लावायची. रक्कम मी वहीत लिहून घेतली. नाना काहीच लिहीत नव्हते. ते उकिडवे बसून कोब्यावर खडूने रेघा ओढत होते.

कुठलीही गाडी उघडण्याआधी नाना तिची वायरिंग जमिनीवर काढत. लाल वायरीला लाल खडू, निळीला निळा, काळीला कोळसा. गाडी दुरुस्त होऊन बाहेर पडेपर्यंत ते चित्र कोणी झाडायचं नाही आणि त्यावरून कोणी चालायचंही नाही. मी वही घेऊन पुढे सरकलो तेव्हा पहिला दम मला मिळाला, "त्या निळ्यावरून नको, भाऊसाहेब. हॉर्न हाय तो." मी शहापूरला एका शाळेत लिपिक आहे, म्हणून भाऊसाहेब. पाय उचलून मी भिंतीकडेने गेलो.

नाना मूळचे डोळखांबकडचे. ऐन तारुण्यात बारा वर्षं त्यांनी एका मंडपवाल्याकडे लग्नांच्या रोषणाईचं काम केलं. दोनशे दिव्यांच्या माळेतला एक गेला की तो शोधायचा, हे त्यांचं शिक्षण. तिथून ते गाड्यांकडे वळले. उंची बेताची, चष्मा दोऱ्याने गळ्यात, शर्टाच्या खिशात टेस्टर. आवाज कधी चढायचा नाही. गाडी बिघडली म्हणून कोणी तावातावाने आलं, तर ते आधी विचारत, "गाडी चालवतो कोण?" मालकाने कितीही सांगितलं तरी ऐकत नसत. "गाडीला मालक कळत नाय, हात कळतात. चालवणाऱ्याला आणा." एकदा एका वीटभट्टीवाल्याला त्यांनी या कारणासाठी अठरा किलोमीटर परत पाठवलं होतं. तो शिव्या देत गेला आणि ड्रायव्हरला घेऊन आला.

आमचं घर धसईपासून चार किलोमीटरवर. वसंत आसपासच्या शेतकऱ्यांची काकडी, भेंडी, कारली गोळा करून कल्याणच्या बाजारात नेतो. हा धंदा फोनवर चालतो. कोणाचे किती कॅरेट, कोणत्या बांधावर, किती वाजता, हे सगळं वाटेत ठरतं. त्या भादव्यात असाच एक हात फोनला आणि एक हात चाकाला असताना गाडी वळणावर रस्ता सोडून बांधाला लागली. वसंताला खरचटलंही नाही. पण चाळीस कॅरेट काकडी भाताच्या खाचरात पडली, आणि ती वेचायला आईसुद्धा गेली होती. आईने तिथेच, चिखलात उभी राहून सांगितलं, "हात चाकावर ऱ्हात नसतील तर गाडी दारात नको."

गाडी आईच्या नावावर आहे. तिच्या माहेरच्या जमिनीच्या पैशांतून घेतलेली. तेव्हा तिचा शब्द हा नुसता शब्द नव्हता. दिवाळीनंतर तिने आपल्या भावाकरवी सरळगावचं एक गिऱ्हाईक बघितलं. वसंत चाळिशीला आलेला, दुसरा कुठला धंदा येत नाही, दोन मुली शाळेत. त्याने आईचे पाय धरले नाहीत, पण जेवण सोडलं. मग मध्यस्थी मी केली. फोन चाकावरच्या बटणाने घेता आला तर हात सोडावा लागणार नाही, असं आईला समजावलं. ती म्हणाली, "दोन आठवडे थांबते. दुसऱ्या रविवारी तो मानूस येनार. त्याच्या आधी मी सोता गाडीत बसून बघीन."

मंगळवारी वसंताने कल्याणहून स्टिअरिंगचं सगळं सामान आणलं. गुरुवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. अंगठ्याने बटण दाबलं की फोन घेता येतो, दुसऱ्या बटणाने बंद होतो, आवाज कमी-जास्त होतो, हॉर्न वाजतो. शुक्रवार, शनिवार गाडी उत्तम चालली. रविवारी वसंताने आमच्या अंगणात ती वळवून माल भरला आणि सोमवारपासून बटणं दगा देऊ लागली. वाजेल तर हॉर्न वाजे, नाही तर नाही. फोन घ्यायला जावं तर वाजतच राही. बाजारात भेटेल तो सल्ला देत होता. एकाने फ्यूज बदलायला लावला, दुसऱ्याने हॉर्न. फरक शून्य, खर्च चारशे दहा.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघांबरोबर गॅरेजात बसलो. नानांनी वसंताला विचारलं, "काय होतंय?"

"कधी चालतं, कधी नाय."

"कधी कधी म्हंजे कधी? माझी बायको पन कधी कधी बोलते. गाडी कुठं व्हती ते सांग."

वसंताने आठवून आठवून सांगितलं. शाळेपाशी हॉर्न गेला. विहिरीच्या वळणाला फोन घेता आला नाही. पेट्रोल पंपात शिरताना दोन्ही बंद. नानांनी डोळे मिटले आणि हाताने हवेतच चाक फिरवत तो सगळा रस्ता चालवून पाहिला.

"ह्याच्यात उजवी वळणं किती?"

वसंत थबकला. "एक पन नाय, नाना."

"मग कधी कधी कसं? डावीकडं जातं, असं म्हन की."

त्यांनी मीटर लावला आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं काम. लिवा." त्या स्टिअरिंगवरच्या चार बटणांना मिळून एकच वायर असते. प्रत्येक बटणाचा अडथळ्याचा आकडा वेगळा, आणि आकड्यावरून सिस्टिमला कळतं की कोणतं बटण दाबलं. आवाज वाढवायचं तीनशे तीस, कमी करायचं सातशे पन्नास, फोन घ्यायचं पंधराशे, बंद करायचं तीन हजार. चाक सरळ असताना चारही आकडे बरोबर आले. मग वसंत एक बटण दाबून धरून चाक हळूहळू डावीकडे फिरवू लागला. पंधराशे, पंधराशे, पंधराशे. अर्ध्या फेऱ्यावर आकडा गेला. चाक परत आणलं, आकडा परत आला. उजवीकडे पूर्ण वळवलं तरी तो जागचा हलला नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. इतकी वर्षं मी आकडे लिहितोय, पण चाक वळताना आकडा असा निसटलेला पहिल्यांदा पाहिला.

नानांनी स्टिअरिंग उतरवलं. त्याच्या मागे हाताच्या पंजाएवढी एक गोल डबी असते. चाक फिरलं तरी बटणांची वीज तुटू नये म्हणून तिच्यात एक पातळ चपटी पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. डबी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फेरे फिरते. बसवताना ती बरोबर मध्यावर हवी, डावीकडे अडीच, उजवीकडे अडीच. आमची एका बाजूला कलून बसली होती. रस्त्यावरच्या वळणांना ती पुरली. अंगणात वसंताने चाक पूर्ण डावीकडे वळवलं, तेव्हा पट्टी ताणली जाऊन टोकाला फाटली.

"कललीच कशी?" मी विचारलं. "नवी होती."

"नवीन म्हंजे तपासलेली नाय," नाना म्हणाले. त्यांनी डबी उजेडात धरली आणि कडेच्या खाचेत नख घातलं. नखाला कुंकू लागलं. त्यांनी वसंताला चहा सांगायला पाठवलं, मग हळूच मला म्हणाले, "घरी पूजा झाली का हिची?"

झाली होती. आमच्या घरी तराजू असो, गिरणी असो की पाण्याची मोटर, नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरात येत नाही. मंगळवारी संध्याकाळी आईने स्टिअरिंग आणि ती डबी देवापुढे मांडली. डबीवर एक पिवळी चिकटपट्टी होती, ती तिने काढून टाकली. चिकटपट्टीवर कुंकू कसं लावणार? मग ओल्या फडक्याने डबी जात्यासारखी फिरवत फिरवत पुसली, आणि हळदकुंकू वाहिलं. ती चिकटपट्टी डबी मध्यावर धरून ठेवण्यासाठी होती, आणि काढू नये असं तिच्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. शाळेत येणारा प्रत्येक कागद मी दोनदा वाचतो. ती पट्टी मी एकदाही वाचली नाही.

मी हे सांगितलं तेव्हा नाना हसले नाहीत. "घरी बोलू नका. मावशी गाडीत बसायला तयार झाल्यात. आपल्याच हातानं मोडलं असं कळलं तर त्या बसनार नायत. गाडी जाईल आनि वसंता बी जाईल."

"पण खर्च?"

"वरची पिवळी पट्टी नाय हे मला बसवताना दिसलं व्हतं. दोन मिन्टं लागतात फेरे मोजायला. नाय मोजले. चूक शेवटच्या हाताची असते, भाऊसाहेब. शेवटचा हात माझा."

शुक्रवारी ते स्वतः कल्याणला जाऊन बावीसशेची दुसरी डबी घेऊन आले. बसवण्याआधी त्यांनी ती एका टोकापर्यंत फिरवली आणि तिथून मोठ्याने मोजत परत आणली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग उलट अडीच. मला म्हणाले, "लिवलं?" मी लिहिलं.

रविवारी सकाळी आई गॅरेजात आली, नव्या लुगड्यात, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी. वसंताशेजारी ती बसली, मी आणि नाना मागे हौद्यात. धसईच्या वाटेवर फोन वाजला. केबिनच्या मागची काच उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं. वसंताने अंगठा दाबला आणि एका शेतकऱ्याचा आवाज केबिनभर झाला, "वसंता, भेंडी कधी नेतोस रे?"

वसंताने तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "तो गाडी चालवतोय. मी त्याची आई बोलते. किती कॅरेट हाईत?"

"सात, काकू."

"बरं, दुपारी येईल. आनि मोठी भेंडी खाली दडवू नको, मागल्या टायमाला दडवली व्हतीस."

पलीकडच्याने फोन ठेवला. आईने वसंताच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही चाकावर होते. पुढे डावं वळण आलं, त्याने हॉर्न दिला, तो वाजला. गाडी वळवून आम्ही परत गॅरेजापाशी आलो. उतरताना फक्त एवढंच म्हणाली, "त्या सरळगाववाल्याला चहा पाजू आनि लावून देऊ."

वसंत गाडीमागे जाऊन उगाच हौद्याचा फाळका बघत राहिला. आम्ही सगळे आनंदात होतो, म्हणून बाकावरची जुनी डबी झाकायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आईने ती उचलली. कुंकू तिचंच होतं, ती ओळखणार नाही तर कोण?

"जयराम, ही काढली का रे?"

"आतून फाटली, मावशी. बसवताना माझ्याकडनं मध्य चुकला."

आईने डबी हातात फिरवून पाहिली, जशी त्या दिवशी फिरवली होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलू शकत नाही, हे तिला माझ्या जन्मापासून माहीत आहे. मी खाली पाहिलं.

"मी फिरवली म्हनून मध्य चुकला," ती म्हणाली.

"फिरवली तर फिरवली. देवाम्होरं ठेवलेली वस्तू मी बघून घ्यायला नको?"

"देवाला मधी आनू नको. किती पडले?"

नाना सांगेनात. वही माझ्याकडे होती, म्हणून मी सांगितले.

त्यावर दोघांची चांगली पाव तास जुंपली. ती म्हणे सगळे मी देणार, ते म्हणत एक रुपया घेणार नाही. शेवटी नानांनीच हिशेब मांडला. चिकटपट्टी काढणारा हात एक आणि न मोजता बसवणारा एक, हात दोन. आईला तो पटला.

या चैत्रात नानांनी दुकान बंद केलं. लाल आणि तपकिरी वायर त्यांना एकसारखी दिसू लागली होती. कोणाची गाडी जळली नव्हती, कोणाची तक्रारही नव्हती. "पहिली जळायची वाट कशाला बघू?" म्हणाले. मुरबाडमधल्या दोघांना त्यांनी हत्यारं वाटून दिली आणि डोळखांबकडे आपल्या पाड्यावर नाचणी करायला गेले. वसंत त्या बाजूला माल आणायला गेला की त्यांच्याकडे जेवतो. जायच्या आधी फोन लावतो, तेव्हा नाना आधी विचारतात, "दोन्ही हात कुठं हाईत?" मी मात्र आता घरात आलेल्या प्रत्येक खोक्यावरचं सगळं वाचतो, आणि बसवलेलं काही असेल तर समोर मोजून घेतो. लोक मला चिकट म्हणतात. नानांना भेटण्याआधीही म्हणत, पण तेव्हा मी फक्त कागद मोजत होतो.

ठरलेले तेरा हजार आठशे वसंताने त्याच रविवारी दिले. दुसऱ्या डबीच्या बावीसशेपैकी अकराशे नानांनी सोसले. उरलेले अकराशे आईने कनवटीचे काढून, दोनदा मोजून, जयरामनानांच्या हातात दिले, आणि त्यांनी ते घेतले.