तक्त्यातला रविवार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही. आता आत ठेववत नाही, एवढंच.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराला मी रांजणगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायचो. इंटरनेटवरून चालणारे फोन आमच्याकडे नुकतेच आले होते. बाहेरून आलेला कॉल कुठल्या वारी, कुठल्या वेळी, कुणाच्या टेबलावर वाजवायचा याचा एक तक्ता कॉम्प्युटरवर भरावा लागे. मी तो दोन दिवसांत भरला आणि कॉलर ताठ करून फिरलो. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. वीज वाटून घ्यायची म्हणून कारखान्यांना तो वार. शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तक्त्यात सुट्टीचा वार आधीच रविवार भरून आला होता, आणि मी — मी तो बदललाच नाही. लक्षातच आलं नाही. चूक कुणाकडून होत नाही? पण मी त्या चुकीबद्दल सांगायला बसलेलो नाही.

पहिल्याच रविवारी मंदाताई नेहमीसारख्या फोनपाशी बसल्या. आमच्या ऑपरेटर, राहायला कारेगावात. कामगारांना मोबाइल गेटवर जमा करावा लागे, त्यामुळे घरचा निरोप यायचा तो मंदाताईंकडेच, आणि त्या चिठ्ठी घेऊन स्वतः मशीनपर्यंत धावत जात. त्या सकाळी शिरूरच्या दवाखान्यातून आमच्या मशीनवरच्या बबनरावांचा भाऊ फोन करत होता. आई शेवटच्या घटका मोजत होती, 'बबन, बबन' करत होती. भावाला दर वेळी इंग्रजीतलं रेकॉर्डिंग ऐकू येई, की कार्यालय आज बंद आहे. त्याला एवढंच कळे, की कुणी उचलत नाही. मंदाताईंसमोरचा फोन गप्प. शेवटी तो गाडी काढून गेटवर आला. बबनराव पोचले तेव्हा आई गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मंदाताईंना केबिनमध्ये उभं केलं, मलाही बोलावलं. त्या जागेवर नव्हत्या, असं सगळे धरूनच चालले होते.

"सर, फोन वाजलाच न्हाई," त्या एवढंच म्हणाल्या.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सकाळी लवकर येऊन सगळं बघितलं होतं. रविवार काढून गुरुवार घातला होता. भावाच्या सहा कॉलची नोंद होती — तीही पुसली होती. आणि मी म्हणालो, सिस्टीम व्यवस्थित आहे.

नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं — ही काय कारणं झाली?

मंदाताईंना पॅकिंगला टाकलं. कँटीनमध्ये त्या येऊन बसल्या की बबनराव ताट उचलून दुसरीकडे जायचे. मी समोर बसून जेवायचो. दोन वाक्यं तर बोलायची होती. जीभ झडली होती का माझी?

पंधरा दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता फोनचं विचारणार. त्यांनी विचारलं भलतंच. कान कुठं तपासतात? ऐकू कमी येत असेल तर? आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी शिरूरच्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता कागदावर नीट लिहून दिला. कुठल्या गल्लीत वळायचं तेही सांगितलं.

त्या रजा टाकून गेल्या. परत आल्यावर तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मीच पाठवलं होतं ना.

"कान चांगले हायेत म्हनले डॉक्टर. मग माझाच डोळा लागला आसंल, व्हय ना सर? माझ्यापायी त्या माऊलीला ल्योक दिसला न्हाई."

त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

मी म्हणालो, "असेल."