तिला आडवं करू नका

आमच्या वस्तीत आजारी माणसावर माया करायची एकच रीत होती: त्याला बाजेवर झोपवायचं आणि उठू द्यायचं नाही. आईचा दमा वाढला, तसं सगळ्यांनी मिळून तिला झोपवलं. वडील कारखान्यातून आले की स्वतः पाणी भरत. शेजारच्या मावशी भाकरी थापून जात. आई नुसती उठून बसली तरी कुणीतरी ओरडायचं, 'पडून राहा!' दोन-तीन वर्षांत तिच्या पायांच्या काड्या झाल्या आणि नळापर्यंत जायलाही तिला धाप लागू लागली.

ऐंशी सालानंतर केव्हातरी नाशकात छातीचे एक डॉक्टर आले. त्यांनी आईला तपासलं आणि झापलं मात्र आम्हाला. चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेली ती परत यायची नाहीत, पण पाय तर तुम्ही घालवलेत, म्हणाले. रोज चालवा. धाप लागली की बसवा, कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकवा आणि फुंकणीत फुंकतात तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायला लावा. आडवं करू नका.

वडिलांना हे मुळीच पटलं नाही. 'धापणाऱ्या बाईला चालवायचं? हा डॉक्टर हाय का कोण?' मी मात्र हट्टाला पेटले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. वर्गातल्या पोरांना दामटावं तशी आईला रोज गल्लीत चालवायची. बायका दारात उभ्या राहून मला कैदाशीण म्हणायच्या. म्हणू देत.

हळूहळू आई वस्तीच्या टोकापर्यंत जाऊ लागली आणि एक दिवस म्हणाली, 'यंदा पौर्णिमेला डोंगरावर जायचं, लेणीतल्या बुद्धाला वंदन करायला.' वडील भरल्या ताटावरून उठले. 'काय झालं तर तुझ्या माथी,' मला म्हणाले. मी वरवर हसले.

वैशाखी पौर्णिमेला उन्हाच्या आत निघालो; वडीलही धुसफुसत बरोबर आले. पायऱ्यांवर पांढऱ्या साड्यांची रीघ लागली होती. आई थांबत थांबत नीट चढत होती. मग मागून लोंढा आला, कुणीतरी 'चला बाई, चला' म्हणालं, आणि भिडेपोटी ती न थांबता चढत राहिली. अर्ध्या वाटेत तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले.

क्षणात गराडा पडला. 'झोपवा, झोपवा!' कुणी कांदा मागू लागलं, कुणी तोंडात पाणी ओतायला तांब्या पुढे केला. वडिलांनीच तिचे खांदे धरून तिला पायरीवर आडवं करायला घेतलं. मी आयुष्यात वडिलांना उलट शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांना ढकललं. 'तिला आडवं करू नका! वारा येऊ द्या!' मी किंचाळले. आईला बसवलं, पुढे वाकवलं आणि तिच्यासमोर बसून ओठांचा चंबू करून फुंकत राहिले. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला जमत नव्हतं. वाटलं, संपलं. मीच मारलं हिला. मग तिच्या ओठांतून एक बारीक फुंकर आली. मग दुसरी, जरा लांब.

ओठांचा रंग परतला तोवर वस्तीतली चार माणसं चादर घेऊन आली होती. 'वहिनींना उचलून खाली नेतो.' वडील म्हणाले, 'हा, बास झालं आता.'

आई एकेक शब्द श्वासागणिक वेगळा काढत म्हणाली, 'चौघांच्या खांद्यावर... कधीतरी जायचंच हाय. आज... चालू द्या.'

वडिलांनी तिचा धरलेला दंड सोडला.

वर पोचलो तेव्हा सगळ्यांची वंदना आटपली होती. आईने आपली एकटीने म्हणायला घेतली. वडील तिच्याशेजारी हात जोडून म्हणू लागले. दर दोन शब्दांनी तिचा श्वास संपायचा, आणि पुढचं सगळं पाठ असूनही वडील तिचा श्वास भरेपर्यंत गप्प उभे राहायचे.