कॉलरअक्काचा पहिला नंबर

कॉलरअक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. आधी कॉलर. बसचा कंडक्टर असो, चिकपेटेच्या बाजारातला शेठ असो, तिची नजर गळ्यापाशी थांबायची आणि तिथंच निकाल लागायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाला तिनं असंच नापास केलं. "टोकं सारखी न्हाईत गं. एक बाजू वर गेलीया. आपला शर्ट आरशात बघत न्हाई त्यो तुझ्याकडं काय बघंल?" त्या मुलाचं पुढे उत्तम चाललं, पण माझं लग्न काही त्याच्याशी झालं नाही. याचं श्रेय द्यायचं की दोष, हे मी अजून ठरवलेलं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या कानडी शहरात म्हैसूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात परदेशी जाणारे शर्ट शिवले जायचे. एक लाइन म्हणजे चाळीस बायका आणि चाळीस मशिनी. कुणी फक्त खिसा लावायचा, कुणी फक्त बाही. अक्का बारा वर्षं कॉलर लावत होती, म्हणून ती कॉलरअक्का. मी त्या लाइनीची रायटर. दर तासाला किती नग झाले ते फळ्यावर लिहायचं, संध्याकाळी कागद ऑफिसात नेऊन द्यायचा. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा भारी तोरा होता. चामराजपेटेतल्या आमच्या मराठी घरांत लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला मलाच बोलावणं यायचं.

अक्का मूळची निपाणीकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, गावी म्हातारी सासू. तिकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल "मी आलो, मी जेवलो" असं बोलायची. लाइनीत कानडी, तेलुगू, तमिळ पोरी. त्यांच्याशी तिचं फर्डं कानडी चालायचं, आणि मराठी राखून ठेवलेलं माझ्यासाठी. मला ती 'रायटरबाई' म्हणून चिडवायची. वयानं वीसेक वर्षांनी मोठी, पण तिला 'तुम्ही' म्हणणं मला कधी जमलं नाही. पहिल्या दिवसापासून अगं-तूगंच.

तिचा एक हट्ट होता, पाण्याचा. मी फळ्यावर आकडा लिहिला की ती मान न उचलता ओरडायची, "स्वल्प नीर कुडीरे!" थोडं पाणी प्या गं. पोरी हसायच्या आणि प्यायच्या नाहीत, कारण पाणी प्यालं की जावं लागतं, आणि जायला टोकन लागायचं. चाळीस बायकांना दोन लाकडी टोकनं. ती सुपरवायझरच्या टेबलावर. मागायला गेलं की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "मघाशी गेलीस ना? तिथं झोपतेस काय?" सोळा-सतरा वर्षांच्या पोरी शरमेनं अर्ध्या व्हायच्या. सकाळी घरून निघताना चहासुद्धा टाळायच्या. अक्का मात्र ताठ जायची आणि सांगायची, "व्हय, झोपतो. गादी तेवढी घालून द्या सायेब." तिला हे साधायचं. बाकीच्यांना नाही.

मंजुळा नावाची नवी पोर मशिनीवरच कोसळली तेव्हा अक्काचं हसणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवते, मूत्रपिंडाला सूज आलीय. अक्का दवाखान्यातून परत आली ती सरळ माझ्याकडे. "रायटरबाई, तुझ्या आईचं चैत्राचं हळदीकुंकू कधी हाय?" मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. युनियन म्हटलं तर एकीचाही नवरा किंवा बाप तिला घराबाहेर सोडणार नाही. हळदीकुंकवाला मात्र सगळे सोडतात.

तर रविवारी दुपारी आमच्या घरी चैत्रगौरीपुढे बावीस बायका जमल्या. आईनं हौसेनं कैरीची डाळ केली होती. एवढ्या कानडी बायका आपल्याकडे आल्या म्हणून ती खूश होती. मग बोलणं सुरू झालं आणि तिचा चेहरा उतरला. "अगं, देवीसमोर संडासाच्या गोष्टी?" अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "देवी बाईच हाय न्हवं, वैनी? तिला कळतंय." थोड्या वेळानं आईच विचारू लागली, दोनच टोकनं का म्हणून. अक्का मात्र शेवटपर्यंत त्या दारातच बसून होती, पन्हं गाळत. ती विधवा. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही, आईनं सगळ्यांना कुंकू लावलं आणि तिच्या हातात नुसता पेला दिला. मलाही त्यात काही खटकलं नाही, हे खरं सांगायला हवं. खटकलं ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर, आणि मग ते जाईना.

अर्ज करायचा ठरला: टोकनं बंद करा, प्यायचं पाणी लाइनीजवळ ठेवा. मजकूर मी लिहायचा. सह्यांची रीत मात्र अक्कानं सांगितली. आईचं हळदीकुंकवाचं ताट तिनं मागवलं, कागदावर पालथं घातलं, कडेनं पेन्सिल फिरवली आणि म्हणाली, "ह्या रेघेवर करा सह्या, गोल. गोलाला पहिलं कुणी नसतंय." आधीच्या कारखान्यात अशाच एका कागदावर पहिली सही तिची होती, आणि पहिली सही करणारी तेवढी बाहेर गेली होती. तेव्हा ती तिशीत होती म्हणून दुसरं काम मिळालं. "आता पंचेचाळीस झाली. हे गेलं तर मला दारात बी उभं करणार न्हाईत," असं ती हसत म्हणाली, पण पेन्सिल घट्ट धरली होती.

सह्या झाल्या. कुणाच्या कानडीत, कुणाच्या तमिळमध्ये, तिघींचे अंगठे. कागदाला पन्ह्याचे डाग, एके ठिकाणी कुंकू. तो कागद मी घरी नीट बघितला आणि मला तो ऑफिसात द्यायची लाज वाटली. एवढा महत्त्वाचा अर्ज, आणि साहेबांना नावंसुद्धा वाचता येऊ नयेत? मी एक नवा कागद घेतला आणि सगळी नावं वाचता येतील अशी ओळीनं, नंबर घालून, सोबत जोडायला लिहून काढली. पत्रिकेत लिहितात तसं, मान बघून. सगळ्यात मोठी ती सगळ्यात वर. दारात बसलेली अक्का डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपण निदान इथं तरी तिला पहिली बसवू, असं मनाशी म्हणत मी एक नंबर घातला आणि तिचं नाव काढलं. इतकं सुंदर अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही. माझं स्वतःचं नाव शेवटी, तेविसावं. आपलं नाव शेवटी घालावं, हेच मला घरी शिकवलेलं. त्या गोल रेघेचा अर्थ मी कानांनी ऐकला होता, पण डोक्यात शिरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद मीच ऑफिसात दिले, आणि दिले म्हणून अक्काला मोठ्या आनंदानं सांगितलं.

संध्याकाळी वरच्या ऑफिसातल्या साहेबानं एकट्या अक्काला बोलावलं. ती बाहेर आली, आपला पिशवीतला डबा घेतला आणि गेली. सकाळी फाटकापाशी हजेरीच्या कार्डांच्या फळीत तिची खाच रिकामी होती. वॉचमन खाली बघत म्हणाला, "कार्ड इल्ला, अक्का." कार्ड नाही. ती थोडा वेळ त्या खाचेकडे बघत राहिली. आम्ही आत जात होतो, घंटा झाली होती. "जावा गं, उशीर होतोय," असं तीच आम्हाला म्हणाली. आणि आम्ही गेलो. बावीसच्या बावीस.

पंधरा दिवसांत टोकनं टेबलावरून नाहीशी झाली. लाइनीच्या टोकाला पाण्याचा माठ आला. बायका माठावर हसत-खिदळत जायच्या, आणि मला त्या हसण्याचा राग यायचा, जसा काही दोष त्यांचाच होता. अक्का तेव्हा कारखान्यांची फाटकं पुजत होती. कुठं वय विचारायचे, कुठं नाव ऐकल्यावरच नको म्हणायचे. रोज सुटल्यावर मी तिच्या खोलीवर जाऊन सांगायचं ठरवायची, आणि रोज सरळ घरी यायची. महिनाभर मी ही भेकडासारखी टाळाटाळ केली.

ती गाव गाठायला निघाली तेव्हा मात्र बसस्टँडवर गेले. एक ट्रंक, एक पिशवी. मी काही बोलायच्या आत रडायला लागले आणि रडत रडत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "सायबानं कागद पुढ्यात टाकला तवाच वळखलं. असं वळणदार दुसऱ्या कुणाचं हाय?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोललो असतो तर तू नोकरी सोडून बसली असतीस. तू ऱ्हा तिथं. मंजुळीकडं बघ." मग ट्रंकेवर बसून ती बराच वेळ पदराचं टोक सारखं करत राहिली. "राग आला गं. लई आला. पर एक सांगू? मला पहिलं कुणी कधी घातलं नव्हतं. सायेब शिव्या देत होता, आन् मी आपला त्यो एक नंबरच बघत होतो."

तिनं मला माफ केलं का, हे मला कळलं नाही. तेवढ्यात बस लागली.

गावी तिला तंबाखूच्या वखारीत काम मिळालं. दोन वर्षांनी तिकडून आलेल्या एका नातेवाइकानं माझ्या वडिलांच्या दुकानात येऊन सहज सांगितलं की छातीच्या दुखण्यानं ती गेली. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लाइनीत सांगितलं. मंजुळा डबा झाकून नुसती बसून राहिली. घंटा झाली तरी मशिनी सुरू झाल्या नाहीत. एकही नाही. सुपरवायझर ओरडला, मग साहेब खाली आला. "कुणी थांबवलं? पहिलं कोण?"

मी उठून उभी राहिले. "मी," म्हणाले.

नोकरी जाणार हे धरूनच चालले होते, आणि खरं सांगते, ती जावी असं मला वाटत होतं. साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी स्टाफची, शिकलेली, वडील ओळखीचे. "सरी, सरी, बरं," तो म्हणाला, "पाच मिनिटं बसा आणि कामाला लागा." आणि तो जिना चढून वर गेला.

पाच मिनिटांनी मशिनी सुरू झाल्या. मी त्या तासाचा आकडा फळ्यावर लिहिला. माझी नोकरी पुढे अकरा वर्षं टिकली.