चादर पांघरलेला फॉर्सिथिया

मुलगी परदेशातून व्हिडिओ कॉलवर बोलत होती, तेव्हा तिच्या मागे एक पिवळं झुडूप होतं. पान एकही नाही, नुसती फुलं. त्याचं नाव फॉर्सिथिया. बोलता बोलता ती म्हणाली, "आता मला हेच घर वाटायला लागलंय." पत्नीने फोन ठेवला आणि सगळा दोष झुडपाला दिला. मुलगी पुढच्या मार्चमध्ये, चार वर्षांत पहिल्यांदाच, सोलापूरला येणार होती. तोवर तेच झुडूप आपल्या फाटकाशी फुललं पाहिजे, असा ठराव झाला. ठरावाला विरोध करायची सोय आमच्या घरात नाही.

निवड माझ्याकडे आली. उंच जात भिंतीवरून पलीकडे जाते, बुटकी कमरेपाशी थांबते. फुलं मागच्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, म्हणून छाटणी बहर सरल्यावरच करायची. आणि कळ्या उमलायच्या तर त्याआधी कित्येक आठवडे कडाक्याचा हिवाळा हवा. ही शेवटची अट मी दोनदा वाचली आणि बुटकी जात मागवली. हिमालयाकडच्या एका रोपवाटिकेतून तीन रोपं खोक्यातून आली.

खड्डे घ्यायला मंद्रूपचा रोपवाला आला. त्याने एक पान उलटून पाहिलं.

"सायेब, हे कुटलं?"

"थंड मुलखातलं. कडक हिवाळा हवा याला."

"मग चिंचोळीत बर्फाचा कारखाना हाय की. तितं लावा." तो पत्नीकडे वळला. "वैनी, पिवळंच पायजे तर टेकोमा देतो. लई फुलतो. पानी न्हाय घातलं तरी रुसत न्हाय."

"टेकोमा पेट्रोल पंपावर असतो," पत्नी म्हणाली. विषय संपला.

रोपं रुजली, पावसाळ्यात पसरलीही. डिसेंबरात पानं झडली. ती झडतातच, अशी माहिती मी घरात दिली. सोलापूरचा डिसेंबर म्हणजे कानटोपी घालायला मिळालेलं निमित्त. तेवढीही थंडी पत्नीने रोपांना मिळू दिली नाही. तिने कपाटातून एक जुनी चादर काढली, भोवती काठ्या रोवल्या आणि रोज संध्याकाळी तिन्ही रोपांना पांघरूण घातलं.

"अगं, त्यांना थंडीच हवी आहे."

"असेल. आपल्या दारात आलेल्याला आपण उघड्यावर निजवत नाही."

घरात कोण आजारी आहे, अशी चौकशी शेजारी करू लागले.

मार्च आला. तीन रोपांवर मिळून एकही कळी नव्हती. मुलगी यायच्या दिवशी पत्नीने चादर पुन्हा काठ्यांवर ताणली. कारण ऊन सांगितलं. ऊन होतंच, पण झाकायच्या होत्या त्या रोपांच्या बोडक्या काड्या.

मुलगी रिक्षातून उतरली आणि फाटकाशी थांबली.

"फुलणार होतं गं," पत्नी घाईने म्हणाली. "तुझ्या तिथलंच आहे ते."

मुलीने झुडपाकडे पाहिलं नाही. "आई, माझी चादर झाडाला?"

कॉलेज संपेपर्यंत ती हीच चादर ओढून झोपायची. तिने ती काठ्यांवरून काढली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

"परत जाताना नेणार का?" पत्नीने विचारलं.

"तिकडे कशाला? माझ्या पलंगावरच राहू दे. घरी आले की लागते मला."

दुसऱ्या दिवशी पत्नीने मंद्रूपला फोन लावून टेकोमाची दोन रोपं सांगितली. पेट्रोल पंपाचा उल्लेख कुणी केला नाही.