सुनेची डावी पोटरी

अंग धरलेला माणूस जिना चढताना एक वेळ ओळखू येणार नाही, पण उतरताना हमखास ओळखू येतो. मावशींच्या खोलीत यायचं तर तळघराचा जिना उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक दारात पोचायच्या आधीच त्याची सगळी कुंडली मावशींच्या हातात पडलेली असायची. कठडा दोन्ही हातांनी धरून आडवा आडवा उतरणारा काल पहिल्यांदा स्कीवर उभा राहिलेला असायचा. पाठमोरा उतरणारा परवा. अंग पहिल्या दिवशी गप्प बसतं, दुसऱ्या दिवशी कुरकुरतं आणि तिसऱ्या दिवशी उठून भांडायला लागतं. आणि एखादा बसल्या बसल्याच पायऱ्या घसरत आला, की मावशी खालूनच विचारायच्या, "काय हो, पहिल्याच दिवशी मोठ्या उतारावर गेलात वाटतं?"

वर ते हॉटेल मोठं दिमाखदार होतं, काचेच्या भिंती आणि समोर बर्फाचा अख्खा डोंगर. खाली बॉयलरशेजारी मावशींची मालिशची खोली. एक उंच बाक, गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेल्या तेलाच्या बाटल्या, दोरीवर टॉवेल आणि भिंतीतून येणारी बॉयलरची घरघर. हॉटेलच्या नोकरांत मावशींची गणती नव्हती. गिऱ्हाईक खूश होऊन देईल ते त्यांचं, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा खूश असायचं, कारण मावशींच्या हाताइतकीच त्यांची जीभही चालायची.

"दुखतंय? दुखू दे की. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. तुम्हाला तर देवसुद्धा व्हायचं नाही, नुसतं उभ्यानं खाली यायचंय."

मग त्या शहाणपणाच्या चार गोष्टी सांगायच्या. झोपून राहू नका, झोपलात तर लाकूड व्हाल. गरम पाण्यात बसा, मग हळूहळू फिरा. रांगेत उभे असताना बुटाची वरची पट्टी सैल करा, म्हणजे नडगीला आराम पडतो. आणि बुटात पायाची बोटं आवळून धरू नका. भीती वाटली की माणूस बोटं आवळतो, आणि अर्धं दुखणं त्या भीतीचंच असतं.

एका बाबतीत मात्र त्यांची थट्टा बंद व्हायची. दोन्ही पाय दुखत असतील तर ती मेहनत. एकच पोटरी दुखत असेल, हाताला गरम लागत असेल, तर मावशी हात पुसून बाजूला व्हायच्या. "आधी डॉक्टरकडे जा. ते म्हणाले तर मी चोळीन, नाहीतर नाही." गिऱ्हाईक चिडो, आर्जवं करो, जास्त पैसे पुढे करो, मावशी ऐकायच्या नाहीत. ज्यांच्या हाताखाली त्या हे काम शिकल्या त्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं की अशा पोटरीत रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळली तर ती सुटून वर छातीत जाते.

आता सुनेबद्दल. मावशींचा मुलगा स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर मेकॅनिक होता. एका हिवाळ्यात स्की शिकायला म्हणून एक पाहुणी आली, आणि हिवाळा संपला तेव्हा ती आणि हा एकाच गाडीतून निघून गेले. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. सगळ्यांना वाटलं, आता सून माहेरी जाणार. ती गेली नाही. "मुलगा देऊन सून मिळाली," मावशी म्हणायच्या, "सौदा काही वाईट नाही." हे त्या हसत म्हणायच्या, पण त्यात खोटं काही नव्हतं. दोघींची एक खोली होती, हॉटेलच्या मागच्या बाजूला, आणि ती सुनेच्या नोकरीमुळे मिळालेली होती.

सुनेची नोकरी बुटांची. आलेल्या पाहुण्यांच्या मापाचे बूट काढायचे, घालून द्यायचे, परत आले की आतून सुकवायचे. जन्म बुटांत गेला, पण स्कीवर स्वतःचा पाय तिनं कधी ठेवला नव्हता. मग एक दिवस मॅनेजरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की पुढच्या हिवाळ्यापासून बुटांच्या खोलीत माणूस राहणार नाही, पाहुणे आपापले बूट कपाटातून घेतील. ज्यांना राहायचं असेल त्यांनी लहान मुलांना शिकवण्याची परीक्षा द्यावी. उतार छोटाच असतो, पण परीक्षा परीक्षाच.

"नाही जमलं तर दादाकडे जाईन," सून त्या संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली.

मावशींनी "आणि मी?" असं विचारलं नाही. दादा म्हणजे सुनेचा थोरला भाऊ, लांब शहरात राहणारा. तो बहिणीला अनेकदा म्हणाला होता, तुझ्यासाठी घर कायम उघडं आहे. तिच्यासाठी. मावशींना या वयात कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं, आणि उभ्या राहिल्या असत्या तरी ते दार आपलं नाही हे त्यांना कळत होतं.

तर सून तिशी उलटल्यावर स्की शिकायला लागली. तिच्या वर्गात सगळी पोरं. ती पडली की पोरं हसायची, आणि पोरं हसली की ती आणखी पडायची. बूट नडगीवर दाबून निळी पट्टी उठली. मांड्या अशा धरल्या की शौचालयात बसताना भिंतीला हात लावावा लागे. खांदे दुखायचे, कारण काठ्यांवर सगळा भार. फासळ्या दुखायच्या, कारण पडताना श्वास कोंडलेला. खोलीतल्या खोलीत ती कपाट धरून चालायची आणि मावशी तिची नक्कल करायच्या.

"सूनबाई, सासू मी आहे की तू?"

"आई, हसवू नका हो, पोट दुखतं."

रोज काम संपलं की मावशी तिला बाकावर घ्यायच्या आणि डोक्यापासून तळपायापर्यंत मऊ करून सोडायच्या. कधी सून म्हणायची, उद्या सुट्टी घेते. मावशी ऐकायच्या नाहीत. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं खरं, पण ते तापाचं. हे दुखणं चालल्यानंच जातं. मावशींचं बरोबरच होतं. हळूहळू सून सरळ जिना उतरायला लागली. स्कीची टोकं आत वळवून घराच्या छपरासारखी करायची आणि थांबायचं, हे जमलं. मग वळणं जमली. एक दिवस तर ती पोरांच्या पुढे खाली आली, आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या मावशींनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षा जवळ आली असताना मागून येणाऱ्या एका नवशिक्याची स्की सुनेच्या डाव्या पोटरीवर बसली. तिनं कोणाला सांगितलं नाही. पाय हलू नये म्हणून बुटाच्या पट्ट्या आणखी आवळल्या आणि दिवसच्या दिवस तशीच शिकत राहिली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाकावर पालथी झोपली.

"कुठे दुखतंय?" मावशींनी तेल हातावर घेत विचारलं.

"दोन्ही पाय."

उजवा पाय नेहमीसारखा होता. मावशी डाव्याकडे वळल्या आणि त्यांचा हात थांबला. पोटरी गरम होती. वरची कातडी ताणलेली, आत काहीतरी घट्ट. इतकी वर्षं ज्या हातांनी असे पाय परत पाठवले, त्या हातांना वेगळं काही सांगावं लागत नव्हतं.

"डावा जास्त आहे का गं?"

"नाही आई. दोन्ही सारखेच."

सुनेचं तोंड भिंतीकडे होतं. मावशींचा नियम तिला पाठ होता; मावशी गिऱ्हाइकांना तो ऐकवायच्या तेव्हा तिनं शंभरदा ऐकला होता. एकच पाय म्हटलं असतं तर डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटलं की परीक्षा पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी ना नोकरी, ना खोली. ती खोटं बोलली ते दोघींसाठी. आणि मावशींना ते खोटं कळलं नाही असं कोणी म्हणेल तर ते त्याहून मोठं खोटं. त्यांना हवं होतं तेच उत्तर मिळालं आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अंगठे रोवून, जोर लावून, उद्या पाय हलका पडावा म्हणून त्यांनी ती पोटरी इतर दिवसांपेक्षा जास्तच चोळली. सून उशीत दात रोवून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पास झाली. छोट्या उतारावरून परीक्षकांच्या मागे ती डावीकडे-उजवीकडे वळत आली, एका पडलेल्या पोराला दाखवल्याप्रमाणे उठवलं, आणि खाली पोचताच तिला शिकवणाऱ्यांचं लाल जॅकेट मिळालं. ते अंगावर चढवून ती कुंपणाकडे आली, मावशींकडे बघून हसली आणि बर्फातच बसली.

"दम लागलाय," ती म्हणाली. अजून हसतच होती, पण ओठांचा रंग गेला होता.

उताराच्या पायथ्याशी एक दवाखाना होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं छाती तपासली, नाडी बघितली. "परीक्षेचा ताण, त्यात ही थंडी. जरा पडून राहा, उतरेल," तो म्हणाला आणि मग सवयीनं विचारलं, "पायाबियाला काही लागलंय?"

"नाही," सून म्हणाली, आणि तिनं मावशींकडे बघितलं. बोलू नका, असं ती नजर सांगत होती. जॅकेट अंगावर होतं. आता फक्त पडून राहायचं होतं.

मावशींना त्या क्षणी आधी खोलीच दिसली. पुढचा हिवाळा, दोन कॉट, स्टोव्हवर वाळणारे मोजे. सुनेनं बरगडीवर हात दाबून खोकायला सुरुवात केली, तरी मावशी गप्प होत्या. दुसऱ्यांदा ती खोकली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

"डॉक्टर, डावा पाय बघा. पोटरी गरम आहे. काल मी चोळलीय. जोरात."

डॉक्टरचा चेहरा बदलला. बूट काढताना त्यानं सुनेला हलूसुद्धा दिलं नाही. बर्फावरची गाडी आली आणि तिला खाली गावातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

सून वाचली. पोटरीतल्या गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला होता. तो चोळल्यामुळे गेला की आपोआप, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, चोळल्यानं जाऊ शकतो एवढं मात्र खरं होतं. बराच काळ गोळ्या, जिने नाहीत, स्कीचं नावच नाही. मॅनेजर फळं घेऊन भेटायला आला, खरंच हळहळला, आणि जाताना जॅकेट घेऊन गेला.

भाऊ आला तो रात्रभर प्रवास करून. शांत, कमी बोलणारा माणूस. अंथरुणातून सुनेनं त्याचा हात धरला आणि पहिलं वाक्य बोलली, "आईंनाही नेऊया." तो लगेच हो म्हणाला. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं मावशींना सांगितलं, "मावशी, तुमचंही सामान बांधा. जागा लहान आहे, पण होईल." मावशींना पदर तोंडाला लावावा लागला.

घरी सोडायच्या दिवशी इस्पितळातला डॉक्टर व्हरांड्यात भावाजवळ येऊन मनापासून म्हणाला, "तुमच्या बहिणीचं नशीब थोर. सासूबाईंनी पाय चोळल्याचं वेळेवर सांगितलं, नाहीतर वरच्या दवाखान्यातले लोक तिला पडून राहा म्हणून झोपवून ठेवणार होते." चांगला माणूस होता. कौतुक करत होता.

भाऊ मावशींकडे वळला. "चोळताना तुम्हाला कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. हात धुवून घेण्याइतकं सोपं होतं ते, आणि गाडीत एक जागा त्यांची वाट बघत होती.

"हो," मावशी म्हणाल्या. "हाताला कळलं होतं."

"आणि तरी?"

"तरी."

"दादा, खोटं मी बोलले होते," आतून सून म्हणाली. एवढ्यानंही तिला धाप लागली.

"तू बोलू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला. मावशींच्या सामानाबद्दल मग तो काही बोललाच नाही, आणि न बोललेलं मावशींना समजलं.

गाडी दाराशी आली. सुनेला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवायचं होतं. ती दरवाजा धरून मावशींसाठी थांबली. "आई, पुढे बसा ना." पाय उंच ठेवायला त्यांनी खोलीतली आपली उशी आणली होती. सून बसल्यावर त्या वाकल्या, तिचा डावा पाय उचलून खाली उशी सरकवायला.

"हात लावू नका," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "मी ठेवतो."

मावशींनी उशी त्याच्या हातात दिली.